गावात इंटरनेट आणताय? या चुका टाळा

भारतनेटची केबल ग्रामपंचायतीत आली म्हणजे गावात इंटरनेट आलं, असं धरून चालू नका. २०११ साली मंजूर झालेली ही योजना मुळात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची. यवतमाळकडचा कोलाम पोड (कोलाम आदिवासींची वस्ती) किंवा गडचिरोलीतला टोला, म्हणजे पाडा, तिथून लांब असतो, आणि सगळ्यात गरज असलेली घरं नेमकी तिथेच असतात. ती घरं जोडायची कोणी, हे संस्था, पंचायत आणि बचत गटांनी आधीच ठरवावं.

करारात राऊटर कोण देणार ते लिहिलेलं असतं. वीजबिल कोण भरणार ते नसतं. बिल थकून वीज कापली की सगळं बंद. म्हणून वीजबिल, इन्व्हर्टरची बॅटरी आणि बिघाड झाल्यावर धावून येणारा माणूस, हे ग्रामसभेच्या ठरावातच नावानिशी लिहून घ्या. गावातल्या एकाच पोराला शिकवू नका. तो कामाला पुण्याला गेला की दुरुस्ती थांबते. दोघं-तिघं तयार करा, त्यात मुलीही घ्या.

मेळघाटासारख्या भागात टोल्यापर्यंत बिनतारी नेट न्यायला अँटेना लावताना एक चूक हमखास होते. पाहणी एप्रिल-मेमध्ये करतात. तेव्हा साग निष्पर्ण असतो, समोरचा टोला स्वच्छ दिसतो, लिंक झकास लागते. जुलैत तीच झाडं पानांनी भरतात आणि ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्या ओल्या पानांत अडतो. मग लोक मशीन बदलत बसतात! पाहणी पावसाळ्यातच करा, नाहीतर खांब झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच ठेवा. अर्थिंगही नीट करा, वीज पडण्याचं प्रमाण आपल्याकडे कमी नाही.

वनजमिनीतून लाईन जाणार असेल तर अर्ज घेऊन थेट वनविभागाकडे धावू नका. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये ज्या कामांसाठी वनजमीन देता येते, त्यांत दूरसंचार लाईनचा उल्लेख आहे. जागा १ हेक्टरपेक्षा कमी आणि तोडायची झाडं हेक्टरी ७५ च्या आत हवीत, शिवाय ग्रामसभेची शिफारस लागते. ती आधी घ्या.

महिन्याची फी मजुराला जड जाते, कारण त्याच्या हातात पैसा बाजाराच्या दिवशी येतो. सार्वजनिक वायफायच्या पीएम-वाणी या सरकारी योजनेत, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो. त्याच्याकडे दिवसाचे, आठवड्याचे छोटे पॅक ठेवा.

आणि नेट बंद पडलं की आधी फायबर जोडलेल्या मोडेमच्या डबीवरचा दिवा बघा. 'एलओएस'चा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबर तुटलीय, वाकलीय किंवा पिन सैल झालीय. राऊटर कितीदाही बंद-चालू केला तरी उपयोग नाही. लाल दिवा नसून नेट नसेल, तर रिचार्ज संपलाय का ते पहिले तपासा.