झेरॉक्सवरचा अंक: बायकांनी काढायची सोळा पानं

सोळा पानांच्या अंकाला ए-फोर आकाराचे चार कागद लागतात. चारही पाठपोट झेरॉक्स करायचे, मधोमध दुमडायचे, घडीवर दोन पिना मारायच्या, झालं. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एवढं काम होतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. एक बाजू उलटी छापली जाते, अक्षर लागत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘हे अमक्याच्या सुनेनं लिहिलंय’ हे गावाला पहिल्या चार ओळींतच कळतं.

आधी विषय. ‘महिलांच्या समस्या’ हा विषय नव्हे, ते भाषणाचं शीर्षक झालं. एका अंकात एकच प्रश्न घ्यावा आणि तो हातात धरता येईल इतका लहान असावा: सातबाऱ्यावर बाईचं नाव, बाजाराच्या दिवशी स्टँडवरची मुतारी, कापूस वेचणीची मजुरी. वेचणीचा अंक काढायचा असेल तर दहा-बारा जणींना सारखेच चार प्रश्न विचारावेत. किलोला काय भाव मिळाला, दिवसात किती किलो निघाला, वजन कुणाच्या काट्यावर झालं, पैसे कुणाच्या हातात पडले. ही उत्तरं चार रकान्यांत जशीच्या तशी मांडली की मधल्या दोन पानांवर दुसरं काही लिहावं लागत नाही. शेवटचा रकाना वाचणाऱ्या बायकाच एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवतात. उरलेल्या पानांत एक अनुभव, एक-दोन ओव्या किंवा आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, एक चित्र, आणि तलाठ्याकडे कोणता अर्ज द्यायचा यासारखी कामाची माहिती.

भाषा बोलतो तीच ठेवावी. मुखपृष्ठावर ‘माझ्या नावावर शेत आहे का?’ यापेक्षा अहिराणीतलं ‘मना नाववर वावर शे का?’ जास्त लांब पोचतं. फक्त ‘मना’ लिहायचं की ‘मन्हा’ हे पहिल्याच दिवशी ठरवून सगळीकडे तेच ठेवावं, नाहीतर वाचणारी अडखळते. खान्देशात सगळीकडे अहिराणी आहे असंही धरून चालू नये. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे (बहिणाबाईंची गाणी तिच्यातली, अहिराणीतली नव्हेत, ही गल्लत शिकलेले लोकही करतात), सातपुड्याच्या अंगाला पावरी आणि भिली. २००२ साली उत्तर प्रदेशात चित्रकूटला ग्रामीण बायकांनी सुरू केलेलं ‘खबर लहरिया’ हे वर्तमानपत्रही तिथल्या बोलीत, बुंदेलीत निघायचं. जिला लिहिता येत नाही तिचं फोनवर रेकॉर्ड करून उतरवून घ्यावं. उतरवताना ‘सुधारणा’ करायची खोड आवरावी.

आता पानं. वहीतली कोरी पानं घेऊन आधी एक कच्चा नमुना दुमडावा आणि त्यावर १ ते १६ आकडे टाकावेत. तो उघडला की कुठलं पान कुणाच्या शेजारी येतं ते दिसतं. पहिल्या कागदावर बाहेरून डावीकडे १६ आणि उजवीकडे १, आतून २ आणि १५. दुसऱ्यावर १४ आणि ३, आतून ४ आणि १३. तिसऱ्यावर १२ आणि ५, आतून ६ आणि ११. चौथ्यावर १० आणि ७, आतून ८ आणि ९. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज दर वेळी १७ आली पाहिजे. नाही आली की तिथंच चूक.

सोळा पानांएवढा मजकूर नसेल तर ताणू नये. एकाच कागदाची आठ पानी चोपडी करावी. कागद आडवा धरून आठ सारखे चौकोन पडतील अशा घड्या घालायच्या. खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १. वरच्या ओळीत ५, ४, ३, २, पण डोकं खाली करून. आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन घरांएवढी चीर द्यायची, कडेपर्यंत न्यायची नाही. मग कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की चीर उघडते आणि चोपडी मिटते. हिला पिन लागत नाही, आणि ती पोलक्यात, पाकिटात, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये मावते. घरात वाचायची चोरी असलेल्या बाईसाठी हाच आकार बरा.

मूळ पानं काळ्या जेल पेननं लिहावीत. पेन्सिल आणि फिकट निळं बॉलपेन झेरॉक्समध्ये पुसट येतं, पिवळा रंग गायबच होतो, लाल बहुधा काळा पडतो. त्यामुळे लाल रेघेखालचा मजकूर वाचता येईल या भरवशावर राहू नये. चारही बाजूंनी एक सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. बहुतेक मशीन कडेचे चार-पाच मिलिमीटर छापतच नाहीत, आणि कडेला दाबून लिहिलेल्या ओळीचा शेवटचा शब्द तिथंच जातो. कात्रणं चिकटवायला पांढरा डिंक नको, त्यानं कागद फुगतो आणि सुरकुतीची सावली छापली जाते. ग्लू स्टिक वापरावी, मे महिन्यात ती सावलीत ठेवावी. कात्रणाच्या कडांची काळी रेघ उमटतेच. एक झेरॉक्स काढून तिच्यावरची रेघ व्हाइटनरनं घालवायची आणि तीच प्रत मूळ धरायची. मोठा काळा पट्टा किंवा काळी पार्श्वभूमी टाळा, टोनर डागाळतो. फोटोऐवजी रेघांचं चित्र किंवा मेंदीची नक्षी कधीही सरस.

टाइप करायचं तर युनिकोडमध्ये, अक्षर १४ पॉइंटचं आणि ओळींत भरपूर अंतर, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकत नाहीत. डीटीपीवाल्याकडे वर्ड फाइल नेली तर त्याच्या जुन्या फाँटमध्ये जोडाक्षरं फुटतात. पीडीएफच न्यावी.

दुकानात आधी एकच प्रत काढून, दुमडून, पान पान उलटून बघायची. मागची बाजू उलटी आली तर दुसरी बाजू छापताना गठ्ठा अर्धा फेरा फिरवायचा. प्रिंटरमध्ये ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’ निवडायचं. पन्नास अंकांना दोनशे कागद लागतात आणि अंकामागे आठ छापे, म्हणजे एका छाप्याला दोन रुपये दर असेल तर सोळा रुपयांचा अंक. मुखपृष्ठाला रंगीत कागद घेतला की थोडं वाढतं. पावसाळ्यात उघडं पडलेलं रीम ओल धरतं आणि मशीनमध्ये अडकतं. उन्हाळ्यात उलट, कोरडे कागद एकमेकांना चिकटून दोन-दोन ओढले जातात. वापरण्याआधी गठ्ठा हवेत फडफडवून घ्यावा. पहिल्याच अंकाच्या हजार प्रती काढायची हौस नको. ताराबाई शिंदेंचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं, तेही पाचशेच.

साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. तो पूर्ण उघडायचा, अंक थर्माकोलवर पालथा ठेवायचा, घडीवर पिन दाबायची आणि आतल्या बाजूनं तिचे पाय चमच्यानं वळवायचे. गोधडीची सुई त्याहून चांगली. घडीवर तीन भोकं पाडा: एक मध्यावर, दोन कडांपासून चार-चार सेंटिमीटरवर. दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, मग मधल्या लांब दोऱ्याला अडकवून गाठ. ताणताना दोरा घडीच्या दिशेनं ओढायचा, आडवा ओढला की कागद फाटतो.

नाव लपवणं म्हणजे नाव गाळणं नव्हे. दोनशे उंबऱ्यांच्या गावात ‘तीन मुलींच्या पाठीवर मुलगा’ आणि ‘जाऊ ग्रामपंचायतीत’ एवढ्यावर बाई ओळखू येते. गाव, मुलांची संख्या, पीक, नाती बदला. ज्या गोष्टीसाठी तिनं सांगितलं ती मात्र बदलू नका. हस्ताक्षर ओळखलं जातं म्हणून सगळा अंक एकीनंच लिहावा आणि मूळ चिठ्ठ्या परत द्याव्यात किंवा जाळाव्यात. छापायच्या आदल्या दिवशी जिचा अनुभव आहे तिला वाचून दाखवून पुन्हा विचारावं, आणि ती नको म्हणाली तर ते पान कोरं सोडावं. झेरॉक्स दुसऱ्या गावात काढावी. खराब प्रती उचलून आणाव्यात, दुकानाच्या कॉम्प्युटरवरची फाइल पुसून घ्यावी. पीडीएफच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ती बनवणाऱ्याचं नाव राहू शकतं, तेही बघावं. बलात्कार सोसलेल्या बाईची ओळख तिच्या लेखी परवानगीशिवाय उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नाव न देता ओळख पटली तरी हे कलम लागू होतं. लहान मुलींच्या बाबतीत पॉक्सोचं, म्हणजे बाल लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं, कलम २३ आहे. आरोप असेल तर माणसाचं नाव न घेता घडलं ते लिहावं, अब्रुनुकसानीचा दावा झाला तर वकिलाचा खर्च गटाच्या वर्गणीतून निघणार नाही.

ठरावीक दिवशी निघणाऱ्या आणि बातम्या छापणाऱ्या नियतकालिकाला २०२३ च्या प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायद्यानुसार नोंदणी लागते. अधूनमधून काढायची पुस्तिका असेल तर मुखपृष्ठावर ‘मासिक’ लिहू नये. मलपृष्ठावर गटाचं नाव, कुठे छापलं, महिना आणि साल टाकावं. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता नसणं गुन्हा आहे, त्या दिवसांत उमेदवारांबद्दलचं काही छापूच नये हे बरं.

वाटायला आखाजीसारखा दिवस नाही. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि परत वीस गावांना जातात, त्यांच्या पिशवीतून अंक जातो. श्रावणात कानबाई देवीच्या सणाला सगळं भाऊबंद जमतं, तेव्हा दुसरा अंक. अक्षय्य तृतीयेपासून मागे मोजून महिनाभर आधी मजकूर हातात हवा, पंधरा दिवस आधी मूळ पानं, आठवडाभर आधी झेरॉक्स, कारण नंतर दुकानात लग्नपत्रिकांची गर्दी असते. बचत गटाच्या बैठकीत एक जण वाचते आणि बाकीच्या ऐकतात, म्हणून गटाला दोन अंक पुरतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच पान व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवावं, तीन मिनिटांपेक्षा लांब नको. आवाजही ओळखला जातो, तेव्हा वाचणारी आणि सांगणारी वेगळी असावी. किंमत ठेवायची तर दहा रुपये ठेवा, त्यात सगळा खर्च निघाला नाही तरी. फुकट अंकात शेंगदाणे बांधले जातात.

मूळ पानं घडी न घालता पुठ्ठ्यात ठेवावीत, कारण आखाजीनंतर महिन्याभरात कुणीतरी आणखी वीस प्रती मागतंच.