मॅचच्या बॅगेत दातांसाठी काय काय हवं (डबी!!)

गॉझ, ग्लोव्ज, बर्फाचा पॅक हे सगळे घेतातच, त्यावर बोलत नाही. माउथगार्ड घ्या, पण तो तोंडात हवा, बॅगेत पडून काही उपयोग नाही. ज्यांचे वरचे दात पुढे आहेत त्यांना तर अजिबात सूट देऊ नका, कारण मार बहुतेक वेळा वरच्या समोरच्या दोन दातांनाच बसतो आणि ओठ नीट मिटत नसतील तर मधे अडवायलाही काही नसतं.

आता डबी. घट्ट झाकणाची छोटी डबी आणि दुधाचा छोटा टेट्रापॅक, साधं दूध, चॉकलेटवालं नको. मागच्या वेळी माझ्याकडे स्प्रेपासून क्रेप बँडेजपर्यंत सगळं होतं, डबी तेवढी नव्हती, आणि पोराचा अख्खा पडलेला दात मी टिश्यूत गुंडाळून नेला. टिश्यूत! मुळावर एक पातळ ओलसर आवरण असतं, त्यातल्या पेशी जगल्या तरच दात हाडाशी परत नीट जुळतो, आणि टिश्यू नेमका तोच ओलावा शोषून घेतो. तासभर कोरडा राहिला की त्या पेशी जवळपास गेल्याच म्हणा, मग दात बसवता येतो पण तो हाडाला चिकटून बसतो आणि मूळ हळूहळू झिजत जातं. म्हणून डबी. पाण्यात ठेवू नका, पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात. दूध नसेल तर पोराला डबीत थुंकायला सांगा आणि त्यात दात ठेवा, किळस नंतर करा.

खरं तर डबी हा दुसरा पर्याय, पहिला म्हणजे दात तिथल्या तिथे परत खाचेत बसवणं. वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, मुळाला बोट लावायचं नाही, घाण असेल तर दुधाने नाहीतर नळाखाली दोन-चार सेकंद धुवायचं, घासायचं नाही, बाजू बघून हलकेच आत सरकवायचं आणि रुमाल चावून धरायला सांगायचं. हात थरथरतात, माहितीये. नाही जमलं तर डबी, दूध आणि पळा. पण हे फक्त कायमच्या दाताचं! दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नाही, खालच्या येणाऱ्या दाताला इजा होऊ शकते.

तुकडा तुटला असेल तर तोही त्याच डबीत, बऱ्याचदा डॉक्टर तोच परत चिकटवतात. तुकडा सापडतच नसेल तर सुजलेल्या ओठात घुसलाय का ते बघायला सांगा, आणि पोरगं सारखं खोकत असेल तर छातीचा एक्स-रे. दात हिरडीत आत घुसला असेल किंवा वाकडा झाला असेल तर ओढाताण नको. दोन-तीन दात एकत्र हलतायत म्हणजे हाडाला मार असू शकतो. आणि बेशुद्ध पडला, उलटी झाली, काय झालं ते आठवत नाही असं असेल तर दात राहू द्या, आधी हॉस्पिटल.

रविवारी, संध्याकाळी उघडा असणारा डेंटिस्ट कोण ते आधीच फोन करून विचारून ठेवा. मॅच सुट्टीच्या दिवशीच असते ना! धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही लिहून ठेवा, विचारतातच.

पुढचं डॉक्टर बघतील, थोडक्यात सांगतो. पडलेला दात बसवला की बाजूच्या दातांना बारीक तारेने साधारण 2 आठवडे बांधतात, मूळ मोडलं असेल तर 4. मुळाचं टोक पूर्ण बनलेलं असेल तर 2 आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करतात, लहान मुलांत ते उघडं असलं तर थांबून बघतात. मऊ खाणं, मऊ ब्रश, क्लोरहेक्सिडिनने (जंतू मारणारं माउथवॉश) चुळा. दुखत नाही म्हणून फॉलोअप बुडवू नका, पहिल्या वर्षी चार-पाच वेळा आणि नंतर काही वर्षं दरवर्षी जावं लागतं. रंग काळपट झाला किंवा हिरडीवर फोड आला तर तारखेची वाट न बघता जा, जुने एक्स-रे घेऊन.