नियोजित आणि प्रत्यक्ष प्रगतीची तुलना: शेड्यूलिंग सॉफ्टवेअरमधील या चुका टाळा

काम मागे पडले आहे हे कामावरील प्रत्येकाला ठाऊक असते, तरीही शेड्यूलमधील ‘फिनिश व्हेरिअन्स’चा, म्हणजे नियोजित समाप्तीपासूनच्या फरकाचा, रकाना ओळीमागून ओळ शून्य दाखवत राहतो. अशा वेळी सॉफ्टवेअर चुकते आहे असा संशय येतो, पण बहुतेक वेळा दोष नोंदीच्या पद्धतीत असतो. प्रत्यक्षात काय घडले हे आपण सांगितलेलेच नसते, म्हणून सॉफ्टवेअर नियोजित तारखांनाच प्रत्यक्ष तारखा मानते आणि मग तुलनेसाठी दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आणि प्रिमाव्हेरा पी६ (पुढे नुसते पी६) या दोन्ही शेड्यूलिंग सॉफ्टवेअरमध्ये हे घडते, फक्त प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

फक्त टक्के भरणे

सर्वाधिक नुकसान याच सवयीने होते, म्हणून ती उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एक टास्क दहा कामकाजी दिवसांची आहे. ती सोमवार, २ जूनला सुरू होऊन शुक्रवार, १३ जूनला संपणार होती आणि शनिवार-रविवार सुट्टी आहे. प्रत्यक्षात काम बुधवारी, ४ जूनला सुरू झाले. ११ जूनच्या संध्याकाळी आढावा घेताना काम करणारा सांगतो की अर्धे काम झाले आहे, आणि आपण ‘टक्के पूर्ण’च्या रकान्यात ५० लिहितो.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टला प्रत्यक्ष सुरुवातीची तारीख दिलेली नसल्यामुळे ते नियोजित सुरुवातच, म्हणजे २ जून, ‘अ‍ॅक्च्युअल स्टार्ट’मध्ये भरते, पाच दिवस झाले आणि पाच उरले असा हिशेब करते आणि समाप्ती १३ जूनलाच ठेवते. व्हेरिअन्स शून्य येतो. आता तीच माहिती दुसऱ्या प्रकारे भरून पाहा: अ‍ॅक्च्युअल स्टार्ट ४ जून, प्रत्यक्ष झालेले दिवस सहा आणि काम करणाऱ्याच्या अंदाजानुसार उरलेले दिवसही सहा. टक्केवारी पुन्हा ५० च येते, पण समाप्ती १९ जूनवर जाते आणि चार कामकाजी दिवसांचा उशीर दिसू लागतो. टक्का तोच राहूनही दोन्ही नोंदींतून निघणारे निष्कर्ष पूर्णपणे वेगळे आहेत.

टास्क संपल्यावर थेट १०० लिहिले तरी हेच होते. ‘अ‍ॅक्च्युअल फिनिश’मध्ये नियोजित समाप्ती बसते आणि झालेला उशीर नोंदीतून कायमचा पुसला जातो. ‘मार्क ऑन ट्रॅक’ हे बटण किंवा पी६ मधील ‘ऑटो कम्प्युट अ‍ॅक्च्युअल्स’ ही खूण तर उघडपणेच काम नियोजनाप्रमाणे झाले असे गृहीत धरते. त्यांचा वापर जिथे ते खरोखर तसे झाले आहे तिथेच करावा.

म्हणून नोंदीचा क्रम ठरवून घ्यावा: आधी प्रत्यक्ष सुरुवात, मग उरलेला कालावधी, आणि संपले असल्यास प्रत्यक्ष समाप्ती. टक्का त्यातून आपोआप निघू द्यावा. आढाव्यातही ‘किती टक्के झाले?’ याऐवजी ‘आजपासून अजून किती दिवस लागतील?’ असे विचारणे मला कितीतरी अधिक भरवशाचे वाटते, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर झालेल्या मेहनतीकडे पाहून दिले जाते, तर दुसऱ्यासाठी समोरच्याला उरलेल्या कामाचा खरोखर विचार करावा लागतो.

प्रत्यक्ष तारीख चुकीच्या रकान्यात लिहिणे

काही जण प्रत्यक्ष तारीख भरतात, पण ती ‘अ‍ॅक्च्युअल स्टार्ट’ऐवजी ‘स्टार्ट’च्या रकान्यात. आपोआप वेळापत्रक ठरणाऱ्या टास्कबाबत मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट याचा अर्थ ‘या तारखेच्या आधी सुरू करू नये’ असे बंधन असा लावते. आलेखातील टास्कचा बार योग्य जागी सरकलेला दिसतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. मात्र काम सुरू झाल्याची नोंद झालेलीच नसते आणि पुढे आधीच्या टास्क लवकर संपल्या तरी ही टास्क मागे येत नाही. शेड्यूल अचानक ताठर झाल्यासारखे वाटू लागले, तर ‘कन्स्ट्रेंट टाइप’चा रकाना उघडून नकळत लागलेली बंधने शोधावीत.

बेसलाइन नसणे किंवा ती पुसून टाकणे

बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी गोठवून ठेवलेली मूळ योजना, जतन केलेली नसेल तर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये बेसलाइनच्या तारखांच्या जागी ‘एनए’ दिसते, तारखांचा व्हेरिअन्स शून्य राहतो आणि कामाच्या तासांचा व्हेरिअन्स मात्र पूर्ण कामाइतका दिसतो. ही जोडी दिसली की कारण शोधत बसण्याची गरज नाही. पी६ मध्ये बेसलाइन नेमून दिली नसेल तर चालू प्रकल्पाचीच स्वतःशी तुलना होते, त्यामुळे तिथेही शून्यच मिळते. बेसलाइन तयार करणे आणि ती प्रकल्पाला नेमून देणे या तिथे दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दुसरी वारंवार विसरली जाते.

याउलट, दर महिन्याला बेसलाइन नव्याने जतन करण्याची सवय तर मागील सर्व उशीर एका क्लिकमध्ये नाहीसा करते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट एकूण ११ बेसलाइन ठेवू शकते, परंतु व्हेरिअन्सचे नेहमीचे रकाने बिनक्रमांकाच्या बेसलाइनशीच तुलना करतात. त्यामुळे मंजूर झालेली मूळ योजना पहिल्याच दिवशी बेसलाइन १ मध्येही जतन करून ठेवावी. कामाची व्याप्ती वाढल्यास फक्त नव्या टास्क निवडून त्यांचीच बेसलाइन घालावी आणि तिची बेरीज वरच्या समरी टास्कपर्यंत (अनेक टास्क एकत्र करणाऱ्या ओळीपर्यंत) नेण्याचा पर्याय निवडायला विसरू नये.

आढाव्याची तारीख न बदलणे

‘स्टेटस डेट’, किंवा पी६ च्या भाषेत ‘डेटा डेट’, ही झालेले आणि व्हायचे यांच्यामधील रेषा आहे. तिच्या उजवीकडे प्रत्यक्ष तारीख असू शकत नाही आणि डावीकडे न झालेले काम राहू शकत नाही. पी६ मध्ये डेटा डेट पुढे नेऊन शेड्यूल चालवले की उरलेले काम आपोआप त्या तारखेपुढे जाते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये मात्र ‘अपडेट प्रोजेक्ट’च्या खिडकीतून अपूर्ण काम पुढे सरकवण्याची आज्ञा द्यावी लागते. ती दिली नाही तर कालच्या तारखेला भविष्यातील काम नियोजित राहते आणि प्रकल्पाची अंतिम तारीख आहे त्याहून चांगली दिसते.

कामे ठरलेल्या क्रमाने झाली नाहीत तर पी६ मध्ये आणखी एक प्रश्न उभा राहतो. आधीची टास्क अपूर्ण असतानाच पुढची सुरू झाली असेल, तर ‘रिटेन्ड लॉजिक’ या पर्यायात पुढच्या टास्कचे उरलेले काम आधीची संपेपर्यंत थांबते, तर ‘प्रोग्रेस ओव्हरराइड’मध्ये त्या दोन टास्कमधील दुवा दुर्लक्षिला जातो. दोन्हींच्या समाप्तीच्या तारखांत मोठा फरक पडू शकतो, म्हणून एका अहवालातून दुसऱ्या अहवालात हा पर्याय बदलू नये. प्रत्यक्षातील क्रमच वेगळा असेल तर दुवा दुरुस्त करावा.

एसपीआयवर अखेरपर्यंत विसंबणे

मिळवलेल्या मूल्याला (झालेल्या कामाच्या नियोजित किमतीला) नियोजित मूल्याने (आजवर व्हायला हव्या असलेल्या कामाच्या किमतीने) भागले की एसपीआय, म्हणजे वेळापत्रकाच्या कामगिरीचा निर्देशांक, मिळतो. प्रकल्प पूर्ण झाल्यावर दोन्ही मूल्ये समान होत असल्याने १०० दिवसांचा प्रकल्प १३० दिवसांत संपला तरी शेवटी एसपीआय १ च दाखवतो. उत्तरार्धात या आकड्याऐवजी क्रिटिकल पाथ (प्रकल्पाची अंतिम तारीख ठरवणारी टास्कची साखळी) आणि समाप्तीचा व्हेरिअन्स पाहावा.

०.१३ दिवसांचा गूढ फरक

कोणीही काहीही बदललेले नसताना अनेक टास्कवर ०.१३ दिवसांचा व्हेरिअन्स दिसू लागला, तर तो आठ तासांच्या दिवसातील एक तास असतो. कॅलेंडरमधील कामाची वेळ ९ वाजता आणि सॉफ्टवेअरच्या पर्यायांमधील दिवसाची सुरुवात ८ वाजता अशी विसंगती हे त्याचे नेहमीचे कारण आहे. तारखांच्या रकान्यात वेळही दाखवण्याचे स्वरूप निवडले की तो तास लगेच दिसतो. ही जुळवणी बेसलाइन जतन करण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण नंतर कॅलेंडर सुधारले तरी बेसलाइनमध्ये गोठलेल्या वेळा बदलत नाहीत.