थ्रॉटल सोडल्यावर बाइकचा सायलेन्सर फटफटतो? आधी गळती शोधा

थ्रॉटल बंद केला की हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), काही पेट्रोल न जळताच एक्झॉस्टमध्ये जातं. तिथे बाहेरची हवा मिळाली की ते भडकतं आणि फटाके वाजतात. म्हणून मॅपिंगवर (इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या पेट्रोलच्या सेटिंगवर) पैसे घालण्याआधी हवा कुठून शिरते ते बघाच.

इंजिन थंड असताना हेडरच्या (इंजिनला जोडलेल्या एक्झॉस्ट पाइपच्या) नटांवर आणि स्लिप-ऑनच्या (मागे बसवलेल्या सायलेन्सरच्या) जोडावर साबणाचं पाणी मारा, मग गाडी चालू करा. बुडबुडे आले किंवा जोडाभोवती काळी काजळी दिसली, तर गॅस्केट (जोडातलं सील) गेलं. ते नवंच टाका. एकदा दबलेलं गॅस्केट पुन्हा नीट बसत नाही. इनटेकच्या रबरी बूटलाही (इंजिनात हवा नेणाऱ्या रबरी जोडनळीला) चिरा तपासा.

गळती नसेल तर सेकंडरी एअरची (एक्झॉस्टमध्ये मुद्दाम हवा सोडणारी) नळी चाचणीपुरती चिमटा लावून बंद करा. आवाज थांबला तर कारण सापडलं. पण ती प्रदूषण नियंत्रणासाठी असते. रस्त्यावरच्या गाडीत कायमची बंद करू नका.

कार्ब्युरेटर असेल तर इंजिन गरम करून पायलट स्क्रू (कमी थ्रॉटलचं मिश्रण ठरवणारा) पाव-पाव फेरा फिरवा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर मिश्रण दाट होतं. ही दिशा हमखास चुकते. फ्युएल इंजेक्शनमध्ये फुल सिस्टिम (हेडरपासून सायलेन्सरपर्यंत सगळा नवा एक्झॉस्ट) बसवली असेल, तर वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोल प्रमाण मोजणारा) लावून डायनोवरच (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मॅप करून घ्या. फुल थ्रॉटलला हवा-पेट्रोल प्रमाण १३ च्या आसपास ठेवतात.