सदनिकेतील स्प्रे-रंगकाम : हवा बाहेर काढण्याची व्यवस्था

विमानांच्या किंवा मोटारींच्या छोट्या प्रतिकृती एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या उपकरणाने) रंगवणारे बहुतेक जण खोलीच्या कोपऱ्यात बसून, खिडकी उघडून काम भागवतात. परंतु वारा आत येणारा असेल, तर त्याच खिडकीमुळे रंगाचा धुरळा आणि थिनरची वाफ घरभर पसरते. म्हणून पुढून उघडी असलेली पेटी, तिच्यामागे फिल्टर, पंखा आणि खिडकीबाहेर जाणारी नळी अशी मांडणी करावी.

पंख्याची क्षमता पेटीच्या तोंडावरून ठरते. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर असावा; तोंड ४५ सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच असेल, तर त्यासाठी ताशी सुमारे २४० घनमीटर हवा ओढली गेली पाहिजे. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मात्र मोकळ्या हवेतला असतो आणि फिल्टर, नळी व तिची वळणे यांमुळे तो बराच घटतो, त्यामुळे दीडपट ते दुप्पट क्षमतेचा इनलाइन, म्हणजे नळीच्या मध्येच बसणारा पंखा घ्यावा. नळी ४ इंची नको, ६ इंची हवी. तेवढीच हवा ४ इंची नळीतून न्यायची तर वेग सव्वादोन पट लागतो, आणि त्याबरोबर आवाजही वाढतो. नळी आखूड व ताणलेली असावी.

सरकत्या खिडकीची एक काच बाजूला सारून त्या जागी भोक पाडलेली प्लायवूडची फळी बसवता येते. बाहेरच्या टोकाला पावसासाठी झडप आणि कबुतरांसाठी जाळी लावावी. न्हाणीघरांच्या खिडक्या ज्या डक्टमध्ये उघडतात तिथे नळी सोडू नये, कारण तो वास थेट शेजाऱ्यांच्या घरात शिरतो.

जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यावीच लागते. पेटीच्या विरुद्ध बाजूचे दार किंवा खिडकी उघडी ठेवावी, अन्यथा पंखा नुसताच घरघरतो. न्हाणीघरात गॅस गीझर असेल, तर रंगकाम चालू असताना तो मुळीच लावू नये. घरातील दाब कमी झाल्यास त्याचा विषारी धूर उलटा आत येऊ शकतो. छताचा पंखाही बंद ठेवावा, कारण त्याच्या झोतामुळे पेटीत शिरणारा प्रवाह विस्कटतो.

थिनरची वाफ पेट घेते, म्हणून नळीत ठिणगी पडू शकेल अशी कार्बन ब्रशची मोटर असलेला पंखा नसावा, आणि शेगडी किंवा देवघरातील समई पेटलेली नसावी. स्प्रे-कॅनमध्ये बहुधा ब्यूटेन-प्रोपेन असतो, म्हणजे जवळजवळ सिलिंडरमधलाच गॅस, आणि तो जमिनीलगत साचतो. माझ्या मते सदनिकेत कॅन वापरूच नये. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग पुरेसे आहेत. त्यांचेही कण फुप्फुसात जातात, म्हणून एन-९५ मास्क लावावा. थिनरच्या वाफेपुढे मात्र तो निरुपयोगी ठरतो. तिथे सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचाच मास्क हवा.

रंग आणि थिनर बाहेर काढण्यापूर्वी पेटीच्या तोंडाशी उदबत्ती धरून पाहावी. चारही कोपऱ्यांतून धूर सरळ आत ओढला गेला, तर उदबत्ती पूर्ण विझवून काम सुरू करावे. धूर रेंगाळू लागला, तर बहुधा फिल्टर बदलण्याची वेळ झालेली असते. काम संपल्यावर रंगवलेला भाग पेटीतच वाळू द्यावा आणि पंखा आणखी पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा.