बेदाण्याच्या पट्टीवर शिकू इनहेरिटन्स

इनहेरिटन्स म्हणजे एका क्लासचं सामान दुसऱ्या क्लासला वारशात मिळणं. ते शिकवायचं म्हटलं की सगळीकडे उदाहरण तेच कुत्रा-मांजर, आणि खऱ्या कामात कुत्रं कुणी भुंकवत नाही. म्हणून आपण सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानाची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारा हिशेब, घेऊ. भाषा जावा, आकडे असेच धरलेत.

आधी शेतमाल क्लास करा, त्यात वजन, दर आणि दोन मेथड. कपात ही मेथड हमाली-तोलाई मिळून समजा ६०० देते, आणि पट्टी ही मेथड वजन गुणिले दर करून त्यातनं कपात वजा करते. मग हळद क्लास शेतमालला एक्स्टेंड करतो, म्हणजे त्याचा वारस होतो, त्यात कन्स्ट्रक्टर सोडला तर काही लिहायचंच नाही (कन्स्ट्रक्टर वारशात येत नाही, त्यातनं सुपरला, म्हणजे वरच्या क्लासला, वजन-दर द्यायचे).

बेदाणा मात्र कोल्ड स्टोरेजला असतो, त्याचं भाडं लागतं. तर बेदाणा क्लासात कन्स्ट्रक्टरशिवाय फक्त कपात परत लिहा, आत सुपर डॉट कपात बोलवा, त्यात भाड्याचे ९०० मिळवा, झाले १५००. पट्टीला हात लावायचा नाही. खरी गंमत इथंच आहे बघा, पट्टी लिहिलीय शेतमालात, पण बेदाण्याच्या ऑब्जेक्टवर चालवली की आतनं बेदाण्याचीच कपात चालते, व्हेरिएबलचा टाइप शेतमाल असला तरी, कारण जावा रनटाइमला खरा ऑब्जेक्ट कोणता ते बघून मेथड निवडते. उद्या गूळ आला तर नवा क्लास लिहा, इफ-एल्सची शेपूट वाढवायची गरज नाही.

सुपर डॉट खोडून नुसतं कपात लिहिलं तर मेथड स्वतःलाच बोलवत बसते आणि स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे मेमरी भरून प्रोग्राम कोसळतो. ओळच विसरलात तर हमाली-तोलाई गायब, शेतकरी कशाला तक्रार करतोय, शेठ करेल.

पण सगळ्यात बेकार चूक म्हणजे वरच्या कपातला पॅरामीटर नाही आणि खाली बेदाण्याच्या कपातला तुम्ही एक इंट (पूर्णांक) पॅरामीटर घुसवला. ते ओव्हरराइड (वरची मेथड बदलणं) नाही, ओव्हरलोड (त्याच नावाची वेगळी मेथड) झालं, कंपायलर गप्प आणि पट्टीत जुनेच ६०० कापले जातात. म्हणून मेथडच्या डोक्यावर ॲट ओव्हरराइड (@Override) लिहाच, मग एरर तिथल्या तिथं येतो. जावा ५ पासून, म्हणजे २००४ पासून हे आहे. पायथनला ३.१२ मध्ये तसला डेकोरेटर (मेथडच्या डोक्यावरची तशीच खूण) आला, पण तो चालताना काही तपासत नाही, मायपाय (mypy) वगैरे कोड तपासणारं टूल लावावं लागतं.

प्रायव्हेट, स्टॅटिक, फायनल मेथड ओव्हरराइड होत नाहीत. आणि गोडाऊनला शेतमालचा पोरगा करू नका, वजन-दर मिळतात म्हणून मोह होतो, पण गोडाऊन हा काय शेतमाल नाही, त्याच्या आत शेतमालाची लिस्ट ठेवा.