बंद पडलेला टॅब : चार्जरपासून बोर्डापर्यंतची तपासणी

परीक्षा झाल्यावर कपाटात गेलेला टॅब सहा महिन्यांनी बाहेर निघतो. चार्जर लावून दहा मिनिटं झाली तरी स्क्रीन काळीच, आणि घरात ‘बोर्ड गेला’ असं ठरूनही जातं. खरं तर पडून राहिलेल्या टॅबमध्ये बोर्ड, म्हणजे आतलं मुख्य सर्किट, सहसा ठणठणीत असतो. बॅटरी पार तळाला गेलेली असते आणि तिला वर यायला लागतो तेवढा वेळ दिलेला नसतो.

मात्र चार्जर लावण्याआधी टॅब डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून कडा बघा. स्क्रीन एका बाजूने उचललेली दिसली, पाठ फुगीर लागली किंवा सपाट टेबलावर टॅब डुगडुगला, तर बॅटरी फुगली आहे. मग पुढचं काहीच करायचं नाही. चार्जर लावू नका, स्क्रीन दाबून परत बसवायला जाऊ नका. आत वायू साठलेला असतो आणि बॅटरीला भोक पडलं तर ती पेट घेते. टॅब कागद-कपड्यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला द्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा संकलनात द्या. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

टॅब बंद आहे की फक्त स्क्रीन?

चार्जर लावताना टुण्ण असा आवाज येतो का, पॉवर बटण दाबून धरल्यावर थरथर जाणवते का, ते बघा. केबलने कॉम्प्युटरला जोडून पाहा. तिथे टॅबचं नाव दिसलं तर आतलं सगळं जिवंत आहे. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर तिरका टॉर्च मारून बघा. एलसीडी स्क्रीनवर पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, गेलेला आहे. यातलं काहीही आढळलं तर चार्जिंगच्या मागे लागू नका. दोष स्क्रीनचा किंवा तिला बोर्डाशी जोडणाऱ्या चपट्या केबलचा, म्हणजे पट्टीचा, आहे.

चार्जर खरंच पुरेसा आहे का?

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. जुन्या मोबाइलचा ५ व्होल्ट १ अँपिअरचा चार्जर म्हणजे ५ वॉट. दहा इंची टॅबची बॅटरी ८,००० एमएएचची असेल तर तिच्यात साधारण ३० वॉट-तास ऊर्जा मावते. ५ वॉटने ती भरायला कागदावर सहा तास, आणि वाटेतली गळती धरली तर सात-आठ तास लागतात. कॉम्प्युटरच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून तर बऱ्याचदा अर्धा अँपिअरच मिळतो. स्क्रीन चालू ठेवून अशा पोर्टला लावलेला टॅब चार्ज होता होता उतरतोसुद्धा. टॅबला किमान १० वॉटचा, शक्यतो १५ ते २० वॉटचा चार्जर हवा. लॅपटॉपचा ६५ वॉटचा सी-टाइप चार्जरही चालतो. चांगला चार्जर ५ व्होल्टपासूनच सुरुवात करतो आणि टॅबने मागितलं तरच व्होल्टेज वाढवतो, त्यामुळे जास्त वॉटची भीती बाळगू नका.

चार्जर भिंतीच्या सॉकेटमध्येच लावा. सैल एक्स्टेंशन बोर्डवर लावून केलेली तपासणी भरवशाची नसते. केबल बदलून पाहा, आणि नुसती बदलू नका, तिने दुसरा मोबाइल चार्ज होतो याची आधी खात्री करा. स्वस्त टॅबचा एक ठरलेला दोष इथे लक्षात घ्या. दोन्ही टोकांना सी-टाइप असलेली केबल लावली की त्यातले काही अजिबात चार्ज होत नाहीत. पोर्टमधले दोन छोटे रेझिस्टर कंपनीने बसवलेलेच नसतात, त्यामुळे पलीकडे कुणी जोडलं आहे हे चार्जरला कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा, टॅब चार्ज होऊ लागेल.

पिनेतला कचरा

बॅगेतला धागा, धूळ, बिस्किटाचा चुरा पोर्टच्या तळाशी दाबून बसतो. केबल पूर्ण आत जात नसेल, जरा हलवली की सुटत असेल, तर शंका इथेच घ्या. चार्जर काढा आणि टॉर्चच्या उजेडात लाकडी टूथपिकने कडेकडेने कचरा उकरून काढा. सी-टाइप पोर्टच्या मधोमध पातळ जीभ असते, तिच्यावर जोर देऊ नका. सुई, टाचणी, सेफ्टी पिन नकोच. दोन संपर्क जोडले गेले तर धडधाकट बोर्ड जाईल. हिरवट-निळसर थर दिसला तर तो ओलाव्याचा गंज आहे. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला किंचित लावून तो साफ करा आणि पूर्ण वाळल्याशिवाय केबल लावू नका. टॅब भिजला असेल तर तो तांदळात पुरून ठेवण्यात अर्थ नाही. पाण्यातले क्षार बोर्डावर तसेच राहतात आणि तांदळाचा भुसा पोर्टमध्ये जातो.

आता वाट बघायची

लिथियम सेलचं व्होल्टेज ३च्या खाली गेलं की चार्जिंगची चिप पूर्ण करंट देत नाही. सेलला इजा होऊ नये म्हणून आधी अगदी थोडा, नेहमीच्या दहाव्या हिश्श्याइतका, करंट सोडते. या काळात स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून योग्य चार्जर लावून टॅब निदान दोन ते चार तास तसाच ठेवा, दर पाच मिनिटांनी बटण दाबू नका. टेबलावर, नजरेसमोर ठेवा. गादीवर किंवा उशीखाली नको. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीतून आणलेला टॅब आधी सावलीत थंड होऊ द्या. साधारण ४५ अंशांच्या वर बॅटरी चार्ज करू दिली जात नाही.

नंतर सक्तीचा रीस्टार्ट करा. बहुतेक अँड्रॉइड टॅबवर पॉवर बटण २० ते ३० सेकंद दाबून धरा. सॅमसंगच्या टॅबवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र, किमान १० सेकंद. होम बटण असलेल्या आयपॅडवर होम आणि वरचं बटण लोगो येईपर्यंत दाबायचं. होम बटण नसेल तर वरच्या बटणाजवळचं आवाजाचं बटण दाबून सोडा, मग लांबचं दाबून सोडा, मग लोगो दिसेपर्यंत वरचं बटण धरून ठेवा. हे सगळं कव्हर काढून करा. घट्ट कव्हरने पॉवर बटण दाबलेलंच राहतं आणि टॅब पुन्हा पुन्हा बंद पडतो.

मीटर लावला तर अंदाज राहत नाही

चार्जर आणि केबल यांच्या मध्ये लावायचा यूएसबी मीटर घरात असावाच. केबल, चार्जर बदलूनही तो ०.०० अँपिअर दाखवत असेल तर पोर्ट, आतली पट्टी किंवा बोर्ड. ०.०५ ते ०.२ म्हणजे वर सांगितलेली संथ भरणी बहुधा सुरू आहे, थांबा. १ ते २ अँपिअर आणि तरी स्क्रीन काळी, तर चार्जिंग होतंय, स्क्रीनकडे वळा. आकडा दर काही सेकंदांनी चढून शून्यावर पडत असेल तर टॅब चालू व्हायचा प्रयत्न करतोय आणि बॅटरी तग धरत नाहीये. काही दिसायच्या आत टॅबचा एकच कोपरा तापला तर बोर्डावर शॉर्ट आहे, लगेच चार्जर काढा.

लोगोपर्यंत येऊन अडकणारा टॅब हा वेगळा आजार, सॉफ्टवेअरचा. अँड्रॉइडवर सहसा पॉवर आणि आवाज वाढवण्याचं बटण धरून रिकव्हरीत जाता येतं. तिथे ‘वाइप कॅशे’ (तात्पुरत्या फाइल पुसणं) असेल तर आधी ते करा. ‘फॅक्टरी रीसेट’ने फोटो, नोट्स सगळं जातं. आयपॅड रिकव्हरीत कॉम्प्युटरला जोडल्यावर ‘अपडेट’ निवडा, ‘रिस्टोर’ नको.

दुकानात गेल्यावर

आधी सांगा : न विचारता रीसेट मारू नका. मेमरी कार्ड काढून घ्या. टॅब उघडल्यावर बॅटरीचं व्होल्टेज मल्टिमीटरवर समोर दाखवायला सांगा. ३.७ ते ४.२ असेल तर बॅटरी बहुधा ठीक आहे, दोष पुढे शोधायचा. ३च्या खाली असेल तर ‘बूस्ट मारून देतो’, म्हणजे बाहेरून थेट करंट देऊन बॅटरी उठवतो, असं सांगतील. नुकतीच उतरलेली बॅटरी त्याने उठते. पण महिनोन्‌महिने अडीच व्होल्टच्या खाली पडून राहिलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळून भलतीकडे जमा झालेलं असू शकतं आणि पुढे चार्जिंग करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. अशी बॅटरी बूस्ट करून घेऊ नका, नवीच घाला. पोर्ट खराब असेल तर तो वेगळ्या छोट्या चार्जिंग बोर्डवर आहे का ते विचारा. असल्यास तेवढा बोर्ड बदलून काम भागतं. मुख्य बोर्डाला सोल्डर केलेला असेल तर सोल्डरिंग येणाराच कारागीर हवा.

दुरुस्त झालेला टॅब पुन्हा कपाटात जाणार असेल तर निम्मा चार्ज करून पूर्ण स्विच ऑफ करून ठेवा, आणि सहा महिन्यांनी काढून पुन्हा निम्म्यावर आणा.